थोरकेलच्या वाटणीचं कुंपण

थोरकेलला भाषणाची भारी हौस. चीनशी मुक्त व्यापाराचा करार झाल्यापासून तर त्याला नुसता ऊत आला होता. आमच्या दरीत माणसं शे-सव्वाशे आणि मेंढ्या हजारोंनी. माणसांचं ऐकून झालंय, आता मेंढ्या तेवढ्या राहिल्यात, असं त्याची बायको गुदफिन्ना म्हणायची. भाषण साधंच असायचं: मटणावरची जकात गेली, आता आइसलँडचं कोकरू शांघायच्या ताटात! शांघाय त्याने नकाशात पाहिलेलं. रेक्याविकला तो दात दुखला तरच जायचा. आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. आम्ही तरी कुठले शहाणे? मेंढपाळ संघाचा अध्यक्ष म्हणून आम्हीच त्याला निवडून दिला होता.

जकात गेली खरी, पण तिच्या जागी अटी आल्या. मेंढ्यांना खाजेचा जीवघेणा रोग कधीच झालेला नाही, अशा दरीतलीच कोकरं आम्ही घेऊ, असं चीनवाले म्हणाले. आमच्या दरीत तो कधी झाला नव्हता. नदीपलीकडे झाला होता. तिथल्या ओत्तारचा अख्खा कळप सरकारने एका दिवसात मारून पुरला होता आणि त्याने पुढे काही वर्षांनी नव्याने मेंढ्या आणल्या होत्या. म्हणून नदीकाठाने कुंपण. पलीकडे गेलेल्या मेंढीने परत यायचं नाही. आलीच, तर तिला मारायचं आणि तिच्या कळपातलं एकही कोकरू परदेशी जाणार नाही. थोरकेल भाषणात इथे चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही. पलीकडच्यांना काळजी कशाशी खातात ते ठाऊक नाही, म्हणायचा, आणि लोक हसायचे.

कुंपण सगळ्यांनी वाटून घेतलेलं. ज्याच्या वाटणीला जेवढं आलं, तेवढं त्याने दर जूनमध्ये चालून बघायचं, खांब हलवायचे, तार ताणायची आणि संघाच्या वहीत सही करायची. थोरकेलच्या वाटणीला नदीच्या वळणावरचा तुकडा होता. गेली तीन वर्षं तो तिकडे फिरकलाच नव्हता. मंत्र्यांना पत्रं लिहायची होती, भाषणं पाठ करायची होती. ‘पाहिलं, ठीक आहे’ असं लिहून तो सही मात्र ठोकायचा, आणि कुंपण आपलं दर वर्षी उभं असायचं. मग यंदा तरी कशाला बघायचं?

त्यात आणखी एक शहाणपणा. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरतात. यंदा थोरकेलने आपला कळप खाली नदीकाठच्या कुरणातच ठेवला. चीनचे पाहुणे तपासणीला येणार, तेव्हा अध्यक्षाच्या मेंढ्या गुबगुबीत आणि स्वच्छ दिसायला नकोत? फोटोसाठी नवीन जाकीटही घेऊन ठेवलं होतं. पाहुणे काही आले नाहीत.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या आदल्या दिवशी सकाळी थोरकेल कॉफी घेत बसला होता. ओत्तारचा फोन आला.

“तुझी फ्लेक्का काल दिवसभर माझ्या मेंढ्यांत चरत होती. कानावरची खूण तुझीच. आज दिसत नाही. घरी आली असेल बघ.”

थोरकेल कप तसाच टाकून धावला. फ्लेक्का कळपाच्या पुढे उभी होती, पोटापर्यंत चिखल. वळणावरचे तीन खांब नदीत आडवे झाले होते. फ्लेक्का म्हणजे त्याची म्होरकी मेंढी. एकदा हिमवादळात त्याला समोरचा हात दिसेना, तेव्हा हिनेच सगळा कळप घरी आणला होता आणि कळपामागून थोरकेललाही. वाट चुकणं तिला ठाऊकच नव्हतं. आताही ती न चुकता परत आली होती, हेच तर नडलं. त्याने तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तिला तोंडभर शिव्या घातल्या. तिने त्याची बाही चावून पाहिली.

त्याने ओत्तारला उलट फोन केला. आणखी कुणाला ठाऊक आहे?

“कुणाला नाही. मी सांगणारही नाही. तुझं तू बघ.”

हे सगळ्यांत वाईट झालं. ओत्तारने धमकी दिली असती तर थोरकेलला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोल मेंढवाड्यात सगळ्यांचे कळप एकत्र येणार, जनावरांची डॉक्टर असदीस कागद घेऊन येणार, आणि या दरीतली एकही मेंढी पलीकडे जाऊन आलेली नाही, असं अध्यक्षाने सहीनिशी लिहून द्यायचं. त्या कागदावर आधी फक्त डॉक्टरची सही होती. अध्यक्षाचीही हवी, म्हणून थोरकेलनेच दोन पत्रं पाठवली होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही टपालाने मागवून!

मनात आलं, करावी सही. फ्लेक्का ठणठणीत दिसतेय, कुणाला कळणार आहे? पण तो रोग अंगात वर्षानुवर्षं लपून बसतो. तो निघाला, तर एक दिवस अख्ख्या दरीच्या मेंढ्या खड्ड्यात. गुदफिन्नाला त्याने सगळं सांगितलं.

“सही करणार असलास तर आधी सांग,” ती म्हणाली. “मी उद्या बहिणीकडे जाईन. मला तिथे उभं राहून बघायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मेंढवाड्यात गाणी चालली होती, धुरावलेलं मटण आणि कॉफी फिरत होती. थोरकेल नवीन जाकीट घालून आला, पण मेंढ्यांशिवाय. दगडी भिंतीवर चढला. आम्ही सवयीने बूड टेकायला जागा शोधू लागलो.

“माझी फ्लेक्का पलीकडे जाऊन परत आलीय,” तो म्हणाला. “कुंपण माझ्या वाटणीचं. तीन वर्षं आणि यंदाही मी ते न बघता सही केली. माझा कळप घरीच आहे, तुमच्या मेंढ्यांशी त्याचा संबंध आलेला नाही. तुमची कोकरं जाऊ देत.”

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. असदीसने दहा प्रश्न विचारले, दोनदा फोन केला. डोंगरावर थोरकेलची एकही मेंढी नव्हती, म्हणून दरी वाचली. म्हणजे त्याच्या मिरवण्याच्या हौसेनेच आम्हाला तारलं, आणि पठ्ठ्याला या एका गोष्टीची बढाई मारायची सोय राहिली नाही. ट्रक आमची कोकरं घेऊन गेले. थोरकेलचा कळप दोन वर्षं सरकारी नजरेखाली. फ्लेक्काला असदीसने दुपारी इंजेक्शन दिलं, तेव्हा तिचं डोकं थोरकेलनेच मांडीवर धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो पहार, खांब आणि तार घेऊन वळणावर गेला. पलीकडून ओत्तार काठी टेकत आला. थोरकेलने उभे राहिलेले खांब हलवून पाहिले. घट्ट होते. पण ते त्याचे नव्हतेच. त्याचे कधीचे कुजून गेले असणार. तारेची गाठही कुणा दुसऱ्याच्या हातची.

“हे खांब कुणी रोवले?” त्याने विचारलं.

“मी,” ओत्तार म्हणाला. “तीन वर्षं मीच बघत होतो हा तुकडा. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून राहिलं.”

“मला सांगायचं नाही का?”

“अध्यक्षाला काय सांगायचं! माझी मेंढरं पुरली तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो, थोरकेल. तसं तुझ्या दारात नको, एवढंच मनात होतं.”

थोरकेलने पहार खाली ठेवली. “मी भाषणात तुमच्याबद्दल...”

“ऐकलंय. वारा तुमच्याकडून इकडेच येतो.”

थोरकेल ओल्या गवतात मटकन खाली बसला. लाजेने त्याला मान वर करवेना, आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. ओत्तारने तारेचं टोक उचलून त्याच्याकडे टाकलं.

“ऊठ आता,” तो म्हणाला. “मला फार वेळ उभं राहवत नाही.”