मी, माझी शेजारीण आणि ड्रायव्हरसाहेबांचे हात

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. इंजिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी अवाढव्य उभे राहिले असेल, तर ते आधी लहान करा. मी मुठीत मावतो. रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या शर्यतीच्या गाडीत माझा मुक्काम असतो. पण माझ्या पोटात खरे इंधन जळते, खरा धूर निघतो, आणि मी ओरडायला लागलो की मैदानाबाहेरची माणसे कानांवर हात ठेवतात. याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला, तेच सांगायला बसलो आहे.

कारखान्यात माझा पिस्टन त्याच्या नळीत इतका घट्ट बसवला होता की वरच्या टोकाला गेला की अडायचा. नव्या इंजिनांचे असेच असते. तापलो की मोकळा होतो, गार झालो की आवळतो. मला विकत घेतले एका नर्सने, आपल्या वडिलांसाठी. वडिलांनी एकतीस वर्षे शहरात बस चालवली होती. मग हातांना कंप सुटला आणि डॉक्टरांनी मोठी गाडी चालवायला मनाई केली. त्यानंतर ते दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसचालकांच्या चुका काढत. शेवटी लेकीने त्यांच्या हातात रिमोट ठेवला.

"ही चालवा. हिला लायसन्स लागत नाही," ती म्हणाली.

मैदानावर सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणू लागले. मला वाटले होते, पहिल्याच दिवशी धूम ठोकायला मिळेल. कसले काय! पहिल्या पाच टाक्या त्यांनी मला हळूहळू, भरपूर इंधन पाजत चालवले. टाकी संपली की गार होईपर्यंत थांबायचे. मी चरफडत होतो.

"घाई कसली?" ते माझ्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले. "बराच प्रवास करायचाय आपल्याला."

शर्यत संपली की ते उरलेले इंधन जाळून टाकत, वरचा प्लग काढून आत दोन थेंब तेल सोडत आणि माझ्या बुडाचे छोटे चाक फिरवून पिस्टन खाली आणून ठेवत. पिस्टन वर राहिला, तर गार होताना नळी त्याला आवळते आणि तो तिथेच रुतून बसतो. हे विसरू नये म्हणून लेकीने माझ्या चाकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका वर, म्हणजे पिस्टन खाली. असे लाड झाल्यावर कोणाला शिंगे फुटणार नाहीत?

माझ्या शेजारच्या डबीत एक बॅटरी राहायची. निळ्या वेष्टनात गुंडाळलेले पाच सेल. ना धूर, ना आवाज. रिमोटचा हुकूम आला की चाके वळवणाऱ्या आणि माझ्या तोंडावरची झडप उघडझाप करणाऱ्या विजेच्या छोट्या मोटरींना ताकद मात्र तिचीच. म्हणजे लगाम तिच्या हातात होता आणि मी तिला पाहुणी समजत होतो. ड्रायव्हरसाहेबही तिला चार्जरला लावत, हिरवा दिवा लागला की काढत आणि विसरून जात.

"बाबा, नुसता दिवा बघू नका. भार देऊन, काम करायला लावून बघा," लेक सांगायची. तिला कामावर रोज पेशंटचे तापमान तपासायची सवय.

"हिरवा म्हणजे हिरवा," ते म्हणत. "आणि इंजिनाचा आवाज ऐकला की मला सगळं कळतं."

हे ऐकून मी आणखी फुगायचो. बॅटरीने दगा दिला तर झडप आपोआप मिटवणारी एक बारीक स्प्रिंगही तुटली होती. तिच्याबद्दल ते "पुढच्या रविवारी बघू" म्हणाले. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी शर्यत होती. वळणावर घड्याळजी उभे होते. घड्याळे दुरुस्त करणारे हे गृहस्थ ड्रायव्हरसाहेबांचे जुने मित्र, आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायचे काम त्यांच्याकडे होते. तिसऱ्या फेरीत मी पूर्ण जोरात असताना शेजारणीने अचानक मान टाकली. झडप उघडी ती उघडीच राहिली. खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. लगाम धरणारे कोणी नव्हते. गाडी वळली नाही. घड्याळजींच्या घोट्यावर आदळली आणि पुढे फळ्यांवर जाऊन थडकली.

हाड मोडले नाही, पण घोटा टम्म सुजला आणि महिनाभर काठी आली. लोकांनी गाडी उचलून रिमोट फिरवून पाहिला. तेवढ्या दोन मिनिटांत शेजारीण जरा विसावली होती. चाके बिनबोभाट वळली. मग सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. ड्रायव्हरसाहेबही आपल्या हातांकडेच बघत होते.

"माझ्या हातानं झालं," ते म्हणाले.

"अहो, चालायचंच," घड्याळजी म्हणाले, पण ते त्यांच्या कानात शिरलेच नाही.

त्या दिवशी मला तेल मिळाले नाही. ठिपका कुठे आहे हेही कोणी पाहिले नाही. तशीच गाडी कपाटावर गेली. माझा पिस्टन वरच्या टोकाला रुतला आणि पोटात उरलेल्या इंधनाने हवेतला ओलावा ओढून घेतला. पण माझे काय घेऊन बसलात! ड्रायव्हरसाहेब चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. मग सदऱ्याची बटणे लेकीकडून लावून घेऊ लागले. मित्राकडे जाणे तर बंदच केले. घड्याळजींनी दोनदा बोलावणे पाठवले. दोन्ही वेळा यांचे डोके दुखत होते. खरी चूक कुठे झाली ते मला ठाऊक होते. मैदानभर ऐकू जाणारा मी, त्या घरात मूग गिळून बसलो होतो. मला फार वाईट वाटत असे.

दोन महिन्यांनी, सुटीच्या दिवशी, लेकीने गाडी खाली काढली आणि खिडकीजवळच्या टेबलावर मला मोकळे केले. माझे चाक हलेना. तिने पक्कड घेतली.

"पक्कड ठेव खाली," खुर्चीतून आवाज आला.

"मग फिरवू कसं?"

"ऊब दे आधी. तुझं ते केस वाळवायचं यंत्र आण. आण इकडे, मी बघतो."

ते उठून आले. त्यांनी मला हातात घेतले. हात थरथरत होते, हे काही खोटे नाही. पण त्यांनी मला हळूहळू तापवले, तेल सोडले, थांबले, पुन्हा तापवले. शेवटी मी सुटलो आणि लाल ठिपका वर आला. लेकीने पक्कड मुद्दामच उचलली असावी, असा मला आजही संशय आहे.

मग तिने शेजारणीला चार्ज करून मीटर लावला. आकडा अगदी व्यवस्थित आला. पण तिने एक छोटा दिवा जोडून भार दिला. दिवा लख्ख लागला, मग पिवळा पडला, आणि मिनिटभरात आकडा धाडकन खाली आला. तिने एकेक सेल तपासला. चौथा गेलेला होता.

"बाबा, हे बघा. वळणावर हिनंच दगा दिला."

त्यांनी चौथ्या सेलवर बोट ठेवले. "म्हणजे हात…"

"हात थरथरतात. ते मी रोज बघते. पण त्या दिवशीची चूक हाताची नव्हती." तिने मीटर खाली ठेवला. "चूक तुमचीच होती. तपासा म्हणून कितीदा सांगितलं. स्प्रिंगसुद्धा तुटकीच ठेवलीत."

"हो," ते म्हणाले. "ती मात्र माझीच." आणि ते हसले. बोलणी खाऊन माणूस इतका हलका झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. हात बदलता येत नव्हते, पण सवय बदलता येणार होती. दुसऱ्या दिवशी बटणे स्वतः लावून, तो निकामी सेल खिशात टाकून ते घड्याळजींच्या दुकानात गेले.

माझ्या शेजारणीचा निरोप घ्यायचे राहून गेले, याची मला अजून रुखरुख आहे. तिच्या जागी आता नवी आली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला दोन थेंब तेल जरूर द्या आणि पिस्टन खाली ठेवा. माझी बेअरिंग त्या दोन महिन्यांत ओलाव्याने गंजली, ती अजून खरखरतात, म्हणून कळवळून सांगतो. पण त्याआधी शेजारची डबी उघडा. आम्ही आरडाओरडा करणारे आमच्याकडे लक्ष वेधून घेतोच. जी गप्प बसून काम करते, तिची विचारपूस तुम्हालाच करावी लागते.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. नवी स्प्रिंग बसवली होती. मला सुरू करण्याआधी ड्रायव्हरसाहेबांनी मीटर घड्याळजींच्या हातात दिला.

"आधी तुम्ही बघा."

घड्याळजींनी भार देऊन आकडा पाहिला, मान डोलावली आणि किंचित लंगडत आपल्या जागी जाऊन उभे राहिले. तेच वळण होते. ड्रायव्हरसाहेबांचा हात रिमोटवर थरथरत होता. मी जोरात त्या वळणाकडे निघालो, आणि घड्याळजी एक पाऊलही मागे सरले नाहीत.