दार कुणी उघडलं?

डॉक्टरबाईंचा हात मध्येच थांबला. टेबलावर एका माणसाचा गुडघा उघडा होता, धातूचा नवा सांधा बसायचा बाकी होता, आणि त्यांच्या मानेवरून गार वारं गेलं होतं.

"दार कुणी उघडलं?"

"कुणीच नाही," रोग्याच्या डोक्याशी बसलेला भूलतज्ज्ञ म्हणाला. तो त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. "बंद आहे. तू चालू ठेव."

त्यांनी वळून पाहिलं. दार बंदच होतं. सांधा बदलताना त्या दाराला फार जपत. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते, हवेबरोबर धूळ, धुळीबरोबर जंतू. म्हणून एकदा ऑपरेशन सुरू झालं की उगीच आत-बाहेर करायची कुणाची हिंमत नव्हती. पण हल्ली बंद दारही त्यांना उघडल्यासारखं वाटायचं. वारं यायचं, आणि वाऱ्याबरोबर क्लोरीनचा वास. पोहण्याच्या तलावाला असतो तसा.

तो वास कुणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

तो वास मास्तरीणबाईंचा. त्या मुलांना पोहायला शिकवायच्या. सगळा जन्म पाण्याच्या काठावर उभं राहण्यात गेला आणि गुडघा झिजला. "नवा बसवा, पण गंजणारा नको हं," असं म्हणत त्या हसत आल्या होत्या. ऑपरेशन देखणं झालं. टाके सुकले, त्या काठीशिवाय चालू लागल्या, आणि सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच गुडघा तापला. फुगला. आत पू होता. धातूवर जंतू बसले की दगडावरच्या शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतात, मग औषध वरून नुसतं वाहून जातं. डॉक्टरबाईंनी गुडघा पुन्हा उघडून धुतला. परत उघडला. शेवटी सांधाच काढून टाकला, पण तोवर विष रक्तात उतरलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी तापाने चकाकणाऱ्या डोळ्यांनी मास्तरीणबाईंनी विचारलं होतं, "डॉक्टर, हे आत आलं तरी कुठून?"

"शोध चालू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

आणि शोधलं खरंच. हवा तपासली, पाणी तपासलं, हत्यारं, हातमोजे, टेबलाच्या फटी, आणि जंतू नाकातही राहतात म्हणून सगळ्यांची नाकं. काहीएक सापडलं नाही. कुणाची चूक सापडली असती तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

तेव्हापासून डॉक्टरबाई हात धुवायला लागल्या. सर्जन हात धुतोच, पण त्यांचं धुणं संपेना. ऑपरेशनच्या आधी घासायच्या, नंतर घासायच्या, घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या राहून परत घासायच्या. बोटांच्या पेरांवरची कातडी आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग फाटली. वॉर्डातल्या नर्स पाठीमागे त्यांना 'साबणबाई' म्हणत. घरी थोरली बहीण होती, ती रोज मलमाची डबी पुढे करायची.

"लाव गं. हात आहेत की खरवडणी?"

"लावते, ताई." लावायच्याही. मग तो तेलकटपणा सहन होईना म्हणून पुन्हा नळाखाली हात धरायच्या.

अशात एके दिवशी तपासणीच्या खोलीत मास्तरीणबाईंचे यजमान आले. खिडक्यांना काचा बसवायचा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काचवाले म्हणत. पाय ओढत आले आणि खुर्चीत बसताना चेहरा आवळला. मागे त्यांची मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने डॉक्टरबाईंकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"खुबा गेलाय माझा," काचवाले म्हणाले. "बदलायचा. आणि तुम्हीच बदलायचा."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. "मी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांचं नाव देते. फार चांगले आहेत."

"असतील ना. पण ते माझं काम उरकून घरी जाऊन गाढ झोपतील. तुम्ही नाही झोपणार."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली.

"खोटं बोललो का काही?"

डॉक्टरबाईंना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी काचवाल्यांना टेबलावर झोपवलं, खुबा हलवून पाहिला, आणि मग म्हणाल्या, "तोंड उघडा बघू."

"दुखतंय कुठे आणि तुम्ही बघताय कुठे?"

मागची दाढ किडली होती, हिरडीखाली पू धरला होता. तोंडातले जंतू रक्तातून थेट नव्या सांध्यापर्यंत पोचतात, तेव्हा आधी दाढ, मग खुबा, असं त्यांनी सांगितलं. मग मोजे काढायला लावले. बोटांच्या बेचक्यांत कातडी चिरली होती, तीही आधी बरी व्हायला हवी होती. रक्तातली साखर चढलेली निघाली. सिगारेट बंद म्हणताच काचवाल्यांचा धीर सुटला.

"माझ्या लग्नाच्या वेळीही एवढी चौकशी झाली नव्हती," ते म्हणाले.

ऑपरेशन पुढे गेलं. काचवाले कुरकुरत, शिव्या घालत, पण सांगितलेलं सगळं करत गेले. दाढ काढली, पाय सुकले, साखर उतरली. आदल्या दिवशी औषधी साबणाने आंघोळ करायची, पण खुब्यावर वस्तरा फिरवायचा नाही, हे डॉक्टरबाईंनी मुलीला बजावून सांगितलं. "वस्तऱ्याचे बारीक ओरखडे राहतात आणि त्यांतून जंतू शिरतात. केस आम्ही इथे मशीनने काढू." मुलीने मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई हात धुवायच्या खोलीत एकट्याच होत्या. नळ सोडला, ब्रश घेतला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची चीर पुन्हा उघडली. या वेळी रक्ताबरोबर थोडं पिवळसर पाणी आलं. कालही आलं होतं. काल त्यांनी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. दोन हातमोजे घालते, त्यांनी मनाशी म्हटलं, एकावर एक.

तेवढ्यात तो वास आला.

नळाच्या वर भिंतीला स्टीलचा पत्रा होता. त्यात त्यांच्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता, केस मात्र ओले होते, डोक्याला चिकटलेले. वळायचं धाडस झालं नाही. मानेवर गार वारं आलं आणि अगदी कानाशी, दम लागलेल्या माणसाच्या आवाजात, कुणीतरी विचारलं, "कुठून?"

पाणी वाहत होतं. डॉक्टरबाई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. मास्तरीणबाईंच्या वेळी त्यांचे हात धडधाकट होते, तेव्हाचं उत्तर यात नव्हतं. पण आज कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर या बोटावर होतं. जंतूंना वाट राहू नये म्हणून धुता धुता त्यांनीच ती करून दिली होती.

पत्र्यात आता फक्त दिव्याचा उजेड होता. नळ बंद करून त्या तशाच ओल्या हातांनी भूलतज्ज्ञाकडे गेल्या.

"हे बघ."

त्याने पाहिलं. "मला केव्हापासून दिसतंय ते," तो म्हणाला. "बोलायला धजलो नाही. वाटलं, तू कोसळशील."

"बोलायला हवं होतंस."

"हो."

"आज मी हात लावणार नाही. पू तपासायला पाठव. आणि अलीकडे मी ज्यांची ऑपरेशनं केलीत त्या सगळ्यांना परत बोलावून जखमा बघायच्या."

त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एक सर्जन त्या दिवशी मदतीला होती. खुब्याची ऑपरेशनं ती एकटीने करत असे. डॉक्टरबाईंनी तिला काम सोपवलं आणि स्वतः काचवाल्यांकडे गेल्या. ते स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत होते.

"मी आज ऑपरेशन करू शकत नाही." त्यांनी हात पुढे केले. "या हातांनी केलं तर तुम्हाला धोका आहे. माझ्याच हाताखाली तयार झालेली डॉक्टर करेल, तिच्यावर माझा विश्वास आहे. नको वाटत असेल तर पुढे ढकलू."

काचवाल्यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. त्यांचे स्वतःचे तळवे काचेच्या जुन्या व्रणांनी भरलेले होते. एकेक पेर त्यांनी निरखून पाहिलं.

"माझ्या बायकोमुळे झालं हे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी हात सोडवून घेतला आणि नर्सला त्यांचे तळवे पुसायला सांगितले.

"करू दे त्या डॉक्टरला," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा. पोर एकटी आहे माझी."

बाहेरच्या बाकावर मुलगी बसली होती. डॉक्टरबाई तिच्या शेजारी बसल्या, तशी ती थोडी सरकली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोघीही बघत होत्या. मग मुलगीच बोलली.

"आईला ते कुठून झालं?"

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांनी आजवर कुणाहीपुढे उच्चारले नव्हते. "आणि आता कधी कळेल असं वाटत नाही."

मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बाबा तिची गादी जाळायला निघाले होते. आमच्याकडे मांजर होती, आईच्या पायाशी झोपायची. मी तिला लांब नेऊन सोडून आले." ती थांबली. "मांजरीचं काही नव्हतं ना?"

"मला नाही वाटत. पण छातीठोक सांगता यायचं नाही."

मुलगी रडायला लागली. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि मागे घेतला. मग तशाच बसून राहिल्या, तिच्या खांद्याला खांदा लागेल एवढ्या जवळ. या वेळी मुलगी सरकली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी काचवाल्यांना उभं करून चालवलं. आणि मग संध्याकाळी ताप चढला. बातमी ऐकली तेव्हा डॉक्टरबाई जिन्यात होत्या. वॉर्डात पोचल्या तेव्हा तरुण सर्जन पट्टी सोडत होती. जखम कोरडी होती. लाली नाही, सूज नाही. मग छातीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा खरा प्रकार कळला. दुखतं म्हणून काचवाले पुरता श्वासच घेत नव्हते, छातीत कफ साचला होता. खोल श्वास ओढायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, नर्सने तासातासाला श्वास ओढायला लावला, ताप उतरला. तरी डॉक्टरबाई बराच वेळ पलंगाच्या पायथ्याशी उभ्याच होत्या.

परत बोलावलेल्या सगळ्या रोग्यांच्या जखमा स्वच्छ निघाल्या. कातडीच्या डॉक्टरने साबण बंद केला, ऑपरेशनं बंद केली. कातडी हळूहळू भरून आली. ताई रोज स्वतः मलम चोळायची आणि भिनेपर्यंत हात सोडायची नाही. पुढे डॉक्टरबाई पुन्हा ऑपरेशन करू लागल्या. वारं अधूनमधून येतं. आता डॉक्टरबाई भूलतज्ज्ञ मित्राला सांगतात, "आज मास्तरीणबाई आल्या होत्या." तो विचारतो, "हात बघू?" आणि त्या हात दाखवतात.

काचवाले तपासणीला आले तेव्हा काठी टेकत, पण ताठ चालत होते. शिडीवर चढू का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर फणफणत बाहेर गेले. मुलगी दाराशी रेंगाळली.

"तुम्ही एकदा घरी या," ती म्हणाली. "आईला तुम्ही नुसती लंगडतानाच पाहिलीत. पाण्यात कशी दिसायची, त्याचे फोटो आहेत आमच्याकडे."

डॉक्टरबाई येते म्हणाल्या. ताईलाही सांगून ठेवलं, रविवारी जाऊ. त्यानंतर बरेच रविवार गेले. अजून गेलेल्या नाहीत.