स्पंदनबाबा आणि कपाटाचं मागचं दार

इस्पितळाच्या तळघरात सर्व्हरच्या खोलीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. परिचारिका होत्या, एक्स-रे विभागाचे तंत्रज्ञ होते, उपाहारगृहाचा आचारी हातातला झारा न ठेवताच आला होता, आणि एक रुग्ण तर सलाइनच्या स्टँडसकट हजर होता. वर सगळ्या विभागांतले कॉम्प्युटर ढिम्म झाले होते. स्कॅनची चित्रं उघडेनात, रिपोर्ट निघेनात. आणि खाली सगळे डोळे लावून बसले होते ते स्पंदनबाबांच्या वाटेकडे.

बाबा आले. पांढरा झब्बा, पांढरे बूट, मनगटात तांब्याचं जाडजूड कडं.

"यंत्रालाही प्राण असतो, बाळांनो," ते म्हणाले. "प्राणाला स्पंदन असतं. स्पंदनाला नजर लागते. आणि नजरेला..." इथे ते अडखळले, कारण नजरेला काय असतं हे अजून त्यांचं ठरलं नव्हतं.

"उतारा असतो!" आचारी म्हणाला.

"बरोब्बर!" बाबांनी त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं.

पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं. बाबा सर्व्हरच्या उंच लोखंडी कपाटाचं मागचं दार सताड उघडणार, "श्वास घेऊ दे त्याला" म्हणणार, कपाटावर हात ठेवून डोळे मिटणार आणि पुटपुटायला लागणार. थोड्या वेळाने लाल दिवे हिरवे होणार, वर चित्रं दिसू लागणार, आणि खाली टाळ्यांचा कडकडाट. असं कितीदा तरी झालं होतं. संचालकसाहेबांनी तर बाबांना गाडीतळावर राखीव जागा दिली होती. मुख्य शल्यविशारदांनाही ती नव्हती.

आज मात्र बाबांच्या आणि त्या दाराच्या मध्ये ताई उभी होती.

ताई म्हणजे या खोलीची इंजिनिअर. सर्व्हर सांभाळणं तिचं काम, आणि बाबांचा राग येणं हा तिचा गेल्या काही महिन्यांतला जोडधंदा. पण आज नुसत्या रागाचा प्रश्न नव्हता. वरच्या मजल्यावर तिची मावशी ऑपरेशनसाठी तयार होऊन बसली होती. मावशीच्या डोक्यात गाठ होती. ती काढताना डॉक्टर पडद्यावरच्या स्कॅनकडे बघत बघत वाट काढणार होते. मध्येच चित्र गोठलं तर? ताईने हा प्रश्न साहेबांना विचारला होता. साहेबांनी त्यावर नामी तोडगा काढला होता: ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाबांसाठी गादीची खुर्ची.

आई गेल्यावर ताईला या मावशीनेच वाढवलं होतं. तिचा जीव त्या खुर्चीच्या भरवशावर सोडायला ताई तयार नव्हती.

तिने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. इस्पितळाची सगळी चित्रं एका मोठ्या स्टोरेजमध्ये ठेवलेली असतात, आणि सर्व्हरपासून तिथवर एक नाही, मुद्दाम दोन वाटा असतात. वेगळं कार्ड, वेगळी केबल, वेगळा स्विच. एक वाट बंद पडली की सर्व्हर गुपचूप दुसरीने जातो. यालाच मल्टिपाथ म्हणतात. ताईने कार्डं बदलली, स्विच तपासले, सॉफ्टवेअर नवं घातलं. तरी नोंदी तेच सांगत होत्या: दोन्ही वाटा एकदमच मरतात आणि एकदमच जिवंत होतात.

इथेच तिला खटकलं. एक केबल बिघडेल, मान्य. पण दोन वेगळ्या रस्त्यांवरच्या गाड्या रोज एकाच क्षणाला पंक्चर होत असतील, तर ते दोन रस्ते कुठेतरी एकत्र येत असले पाहिजेत. आणि तिने न पाहिलेली जागा आता एकच उरली होती: कपाटाच्या मागच्या दाराशी लटकणारं मखमली गाठोडं. कपाटाच्या उद्घाटनाला बाबांनी ते स्वहस्ते बांधलं होतं, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा साहेबांचा हुकूम होता.

"ताई, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "वर डॉक्टर खोळंबलेत."

"साहेब, एकदा ते गाठोडं सोडून बघू द्या."

"तो श्रद्धेचा विषय आहे!"

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि चाकांच्या खुर्चीतून खुद्द मावशी आत आली. डोक्याचा गोटा, अंगात इस्पितळाचा ढगळ अंगरखा, पण आवाज खणखणीत.

"काय हो साहेब, माझी कवटी उघडायच्या कागदावर तुम्ही सही केलीत ना?"

"हो... म्हणजे, नियमाप्रमाणे..."

"मग कवटी उघडायला चालते आणि ते बोचकं उघडायला चालत नाही, हा कुठला न्याय?"

आचारी फिस्सकन हसला. साहेबांनी टायची गाठ सैल केली.

"बाबांचा अपमान नको," ते पुटपुटले.

"छे, अपमान कसला," ताई म्हणाली. "बाबांनी मंत्र म्हणावाच. फक्त आज दार बंद ठेवून म्हणावा."

बाबांचा चेहरा पडला. "दार बंद? अगं पोरी, स्पंदन कोंडतं त्याने!"

"बाबा, मग काम मंत्र करतो की दार?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मागे हटायची सोय राहिली नाही. बाबांनी बंद कपाटावर हात ठेवला आणि सुरू केलं. आधी पुटपुटले, मग गरजले, मग पुन्हा पुटपुटले. एक डोळा किलकिला करून दिव्यांकडे बघत होते, पण दिवे लालच. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी आला. हळूच त्यांचा हात दाराच्या मुठीकडे सरकला.

"अंहं," दाराशी उभा असलेला पहारेकरी म्हणाला. "बंद ठेवायचंय, बाबा."

हा पहारेकरी भलताच कर्तव्यदक्ष. सगळे त्याला काका म्हणत. इमारतीत एकही दार उघडं राहता कामा नये असा नियम, आणि फेरीत कुठे उघडं दार दिसलं की ते गच्च लावून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाबा दार उघडून जात, काका फेरीवर येऊन ते लावत, आणि पुन्हा सगळं ठप्प.

आता ताईने स्वतः दार उघडलं. ना मंत्र, ना हात. ती नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने एक दिवा हिरवा झाला, मग दुसरा. वरून कोणीतरी ओरडलं, "आलं! चित्र आलं!"

ताईने मखमल सोडली. आत रेशमी दोऱ्याने करकचून आवळलेल्या दोन पिवळ्या केबली होत्या, दोन्ही वाटा एकाच गाठीत. दारातून नजर शिरते म्हणून दोऱ्याचं टोक बाबांनी दाराच्या बिजागरीला बांधलेलं.

"एक वाट चालू ठेवून दुसरी सोडते," म्हणत ताईने एक केबल दोऱ्यातून मोकळी केली, दुसरी सर्व्हरमधून उपसली आणि तिच्या टोकाला केबल तपासायचं लाल प्रकाशाचं पेन लावलं. "काका, दार हळूच लावायला घ्या. थोडंसंच."

दार सरकलं, दोरा ताणला गेला, केबल मुडपली, आणि मुडपलेल्या जागी पिवळ्या वेष्टनातून लालभडक प्रकाश फुटला.

"अगं बाई, साक्षात्कार!" एका परिचारिकेने हात जोडले. तिचं बघून आणखी काहींनी जोडले.

"हात खाली!" ताई कडाडली. "या केबलीत तार नाही, केसासारखी काच आहे. तिच्यातून प्रकाश धावतो. काच फार वाकवली की प्रकाश बाहेर सांडतो, पुढे पोचतच नाही. दार लावलं की दोन्ही केबली एकदम मुडपतात. उघडलं की सरळ होतात. सर्व्हर अधूनमधून वाटा तपासत असतो. त्या सापडायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ बाबा पुटपुटतात. आणि आठवा, हा त्रास सुरू कधी झाला? हे गाठोडं बांधल्यावर."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. पण बाबा तिथे कुठे होते? आपल्या राखीव जागेवरून गाडी काढायला ते केव्हाच गेले होते.

ताईने दोरा कापला आणि केबली कपाटाच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या नेल्या. काकांनी दार गच्च लावलं. दिवे हिरवेच राहिले.

मग सुरू झालं थिएटरबाहेर वाट पाहणं. बाबांच्या गादीच्या खुर्चीत आता ताई बसली होती, आणि सारखी थिएटरच्या दाराकडे बघत होती. केबल तपासता येते, मावशी थोडीच तपासता येते? मघाशी हात जोडणारी परिचारिका शेजारी येऊन टेकली.

"ताई, रागावू नका. दुसरे एक बाबा आहेत माझ्या ओळखीचे. फोन लावू? नुसतं मनाला बरं वाटतं."

ताई रागावली नाही. लोक बाबांकडे का धावतात हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं. जीव टांगणीला लागला की माणूस काहीही धरायला बघतो, तिचाही हात शिवशिवला होता.

"फोन नको," ती म्हणाली. "तू बस माझ्याजवळ. भीती वाटत असली की माणूस लागतं गं, बाबा नाही."

परिचारिकेने तिचा हात धरला आणि ड्यूटी संपल्यावरही सोडला नाही.

अखेर डॉक्टर बाहेर आले. "गाठ सगळी निघाली. चित्र एकदाही अडलं नाही. शुद्धीवर येताच तुमच्या मावशींनी चहा मागितलाय."

ताईच्या डोळ्यांना धार लागली. परिचारिकाही रडत होती. "चमत्कारच म्हणायचा, ताई!"

"नाही गं," डोळे पुसत ताई म्हणाली. "चमत्कार म्हटलंस की शोधणं थांबतं. आज शोधलं, म्हणून मावशी आहे."