दोनशे चौदा नोंदी

मंगळवारी दुपारी बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एका कादंबरीची मुद्रितं होती आणि हातात लाल पेन.

"कामात आहेस?"

"बोला ना."

"त्या ऐकायच्या पुस्तकांच्या वाचनालयाच्या साइटवर आता एक चित्र टाकलंय. आत जायच्या आधी त्यातली अक्षरं लिहा म्हणे. माझा पोपट नुसता ‘चित्र, चित्र’ करतोय."

पोपट म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर. स्क्रीनवर जे असेल ते तो वाचून दाखवायचा. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. काचबिंदूने नजर गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. सगळ्यांनी त्यांना रेडिओ आणून दिले. त्यांनी कॉम्प्युटर मागितला.

"चित्राशेजारी ऐकायचं बटण असेल, ते दाबा."

"बटणांना नावं कुठायत? पोपट म्हणतो बटण, बटण, बटण. शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय." ते स्वतःच हसले. "मी व्हिडिओ कॉल लावतो, फोन स्क्रीनसमोर धरतो. तू फक्त अक्षरं वाच. बाकी मी करतो. महिनाअखेर ते आमच्या बोललेल्या नोंदी बंद करणार आहेत. तुझ्यासाठी काढून ठेवायच्यात."

"बाबा, तुम्हाला त्यात तासभर जाईल. रविवारी येते ना मी, दोन मिनिटांत करून देते."

"बरं. रविवार तर रविवार."

मी पुन्हा मुद्रितांकडे वळले. त्या पानावर मी सात चुका काढल्या होत्या, हे मला अजून आठवतं.

बुधवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. चहाचा कप विसळून पालथा घातलेला होता, आणि बाबा खुर्चीत होते.

नातेवाईक पांगल्यावर मला कळलं की माझ्याकडे त्यांचा आवाज नाही. फोटो होते. फोनवर आम्ही रोज बोलायचो, पण बोललेलं कुठे उरतं? मग नोंदी आठवल्या. त्या ऐकायच्या वाचनालयात पुस्तक संपलं की वाचकाला त्याच्याबद्दल बोलून ठेवता यायचं. बाबा अकरा वर्षं बोलत होते. बहुतेक पुस्तकं मीच सुचवलेली. प्रत्येक नोंदीची लिंक ते मला पाठवायचे आणि मी उलट ‘वा!’ एवढंच लिहायची. एकही ऐकली नव्हती.

आता त्या लिंक त्यांच्या पासवर्डशिवाय उघडत नव्हत्या, आणि नोंदी तीस तारखेला संध्याकाळी सहाला बंद होणार होत्या. माझ्या हातात आठवडा होता.

बाबांचा कॉम्प्युटर मी सुरू केला. कंपनीचं चिन्ह क्षणभर उमटलं आणि स्क्रीन काळी झाली. पोपट मात्र सुरू झाला. त्याचा वेग असा, की वाळूवर वाळू ओतावी. एक शब्द कळेल तर शपथ. बाबा त्याच वेगात कादंबऱ्या ऐकायचे.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं. "मॉनिटर गेला, मॅडम." मी नवा आणला. तोही काळा. मग दुरुस्तीवाला आला आणि कॉम्प्युटरचा डबा उचलून दुकानात घेऊन गेला. तिथे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी म्हणाला, "आतून काहीतरी बिघडलंय. सगळं पुसून नव्याने टाकू. हो म्हणा, तासाभराचं काम."

"पुसून म्हणजे? त्यांचे पासवर्ड त्यातच आहेत."

"वडिलांकडून विचारून घ्या ना."

मी डबा परत आणला.

तीस तारखेला दुपारी चार वाजता माझ्याकडचे उपाय संपले. साइटवाल्यांना केलेल्या चार ईमेलना एकच छापील उत्तर आलं होतं. बाबांच्या फोनमध्ये ‘मास्तर’ असं एक नाव होतं. हा सगळा कारभार बाबांना शिकवणारे हेच, जन्मापासून अंध. त्यांना फोन करावा हे मला आठ दिवसांत सुचलं नाही. न दिसणाऱ्या माणसाला न दिसणाऱ्या स्क्रीनबद्दल काय विचारायचं, असंच मला वाटत होतं.

"कॉम्प्युटर बोलतोय?" मास्तरांनी विचारलं.

"बोलतोय, पण स्क्रीन काळी आहे, काका. नवी आणली तरी काळी."

"मग बिघडलंय काय?"

मी मॉनिटरची वायर पुन्हा एकदा दाबून बघितली.

"तुम्हा डोळसांचं हेच. दिसेनासं झालं की मेलं. फोन स्पीकरजवळ धर." त्यांनी त्या वाळूला चार सेकंद कान दिला आणि म्हणाले, "पडदा टाकलाय तुझ्या बापाने. पोपटातच सोय असते. स्क्रीन काळी करायची, काम चालू ठेवायचं. आम्हाला उजेड घेऊन करायचंय काय?"

"पण मागच्या वेळी तर दिसत होतं."

"मागच्या वेळी तू येऊन गेलीस ना, त्यानंतरच शिकून घेतला त्याने."

"का?"

"ते सोड. आधी पडदा काढ. इन्सर्ट, कंट्रोल, एस्केप. तिन्ही एकदम."

मी दाबल्या. पोपट काहीतरी वेगळंच पुटपुटला. पुन्हा दाबल्या. घाईत आणखी कुठे कुठे बोटं पडली आणि पोपट गप्प झाला.

आता उजेडही नव्हता आणि आवाजही नव्हता. चार चाळीस. मी त्या काळ्या काचेवर हात आपटला. काचेत माझाच चेहरा दिसत होता.

"काका, आवाजपण गेला. मी सगळं घालवलं. माझ्याच्याने नाही होणार हे."

"रडून झालं की सांग. मी आहे लाइनवर." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "तुला खरं कारण ऐकायचंय? तू त्याच्या मागे उभी राहायचीस. तो चुकला की ‘द्या इकडे’ म्हणून की-बोर्ड ओढून घ्यायचीस. मला म्हणाला, पडदा टाकला की पोरीला काही दिसणारच नाही, मग बसेल गुपचूप ऐकत. ...ऐकतेयस ना?"

"हो."

"मग बंद करून चालू कर. आणि डोळे मीट. त्याने पोपटाची की बदलली असणार, इन्सर्टऐवजी दुसरी घेतली असणार. खूण केली असेल, बोटाला लागेल."

कॉम्प्युटर सुरू होऊन पोपट बोलायला लागेपर्यंत पाच वाजून गेले. मी डोळे मिटले. की-बोर्डवर बोटं फिरवली. एफवर उंचवटा, जेवर उंचवटा, ते कारखान्यातलेच. मग डावीकडे, कॅप्स लॉकवर, मोहरीएवढा गोंदाचा थेंब. अगदी मधोमध. घड्याळजीचा हात. चिमट्याच्या टोकाने, न दिसता, ठेवलेला.

"सापडली."

"तीच. कंट्रोल, एस्केप."

पापण्यांवर उजेड पडला.

साइट उघडली. पासवर्ड आपोआप भरला गेला. खाली ते चित्र होतं, वाकडीतिकडी सहा अक्षरं. आठ सेकंदांचं काम. बाबांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.

आत गेले. नोंदी दोनशे चौदा. प्रत्येकीसमोर ऐकण्याचं बटण, पण उतरवून घेण्याचं कुठेच नव्हतं. मी पानाच्या तळापर्यंत जाऊन आले. नव्हतंच.

"माझ्या फोनवर रेकॉर्ड करावं लागेल, काका. वाजेल तेवढंच मिळेल."

"किती वाजले?"

"पाच बत्तीस."

"मग अठ्ठावीस मिनिटं. कुठली ते तू ठरव. आणि हा फोन ठेव, तोच लागेल तुला. मध्ये तोंड उघडू नकोस, सगळं येईल त्यात."

दोनशे चौदांतली एक. मला निवडता येईना. शेवटी सर्वात लांब होती ती लावली, सव्वीस मिनिटांची. फोन स्पीकरसमोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

आधी खुर्ची करकरली. मग घसा खाकरणं. "हे पुस्तक मला माझ्या मुलीने सांगितलं," बाबा म्हणाले. "घड्याळजीची मुलगी, पण घाई बघाल तर स्टेशनमास्तरची."

मी ओठ दाबून धरले.

ते बोलत राहिले. पुस्तकातल्या म्हातारीबद्दल, तिच्या बंद खोलीबद्दल. कुठे नाव चुकलं, कुठे प्रकरण मागेपुढे झालं. माझा अंगठा तर्जनीवर घासत होता, जणू तिथे लाल पेन आहे. मग एका जागी ते अडले.

"त्या म्हातारीला जे वाटतं ना, तिथे शेवटी... त्याला एक शब्द आहे. काय बरं..."

शांतता. मागे घराचं लंबकाचं घड्याळ ऐकू येत होतं. शब्द मला माहीत होता. माझ्या जिभेवर होता. इतकी वर्षं मी तो त्यांच्या तोंडातून काढून घेऊन त्यांच्याच हातात दिला असता.

फोनवरचे आकडे पुढे सरकत होते. पाच बेचाळीस. बाबा अजून शोधत होते.

"सावकाश सांगा, बाबा," मी म्हणाले. "मी थांबते."