नावं ठेवणाऱ्याचं नाव

"हे वरन हाये का तांदूळ धुतल्याचं पानी?"

शेषरावानं वाटी बोटांनी पुढे लोटली. ती लवंडली आणि पिवळं पाणी ओघळत शेजारच्या गिऱ्हाइकाच्या धोतरापर्यंत गेलं. खानावळीचे मालक ओमप्रकाश गल्ल्यावरून ताडकन उठले.

"परवा आले तं शिव्या. आज आले तं शिव्या. कोन बलावते हो तुमाले?"

"पयशे देऊन खातो. धर्माचं नाई खात."

"ठेवा तुमचे पयशे तुमच्यापाशीच. उद्यापासून माह्या पायरीवर पाय दिसला तं पाहून घेईन."

शेषरावासोबत जेवायला बसलेला जानराव मान खाली घालून भराभर घास गिळत होता. तो भाजीबाजारातला मापाडी, आणि शेषरावाशी अजून बोलणारा जवळजवळ एकटाच माणूस. या गृहस्थाबरोबर बसलं की अर्ध्या पोटी उठावं लागतं, हे त्याला सवयीनं कळलं होतं.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "आता कोन्ती खानावळ राह्यली रे अमरावतीत?"

"अमरावती म्हंजे काई दुनिया नाई."

"वयनीले काहून नाई आनत तू? चांदूर काय लंडनले हाये?"

"गेली तशी येईन. म्या हाकललं नोतं तिले."

खोटं बोलत होता. हाकलण्याला दुसरं काय म्हणतात?

शेषराव माळ्याच्या घरचा. बाप वांगी-मिरच्या पिकवून विकायचा. हा एका व्यापाऱ्यासाठी संत्री खरेदी करायचा. शेंदूरजनाघाटाकडच्या बागांतून गाड्या आल्या की हा ढिगाशी उभा राहायचा आणि नावं ठेवायला लागायचा. साल जाड आहे, डाग पडलेत, रस नाही, बाजूचा ढीग बरा आहे. बागवाल्याचं तोंड उतरेपर्यंत बोलायचा, कारण तोंड उतरलं की भाव उतरतो. व्यापाऱ्यानं त्याला पगार देऊन ठेवला होता तो याच जिभेसाठी. संध्याकाळी घरी आल्यावर तो पागोटं खुंटीला लावायचा, जीभ मात्र लावायचा नाही.

घरी सुभद्रा होती. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे नावं ठेवायला घरात दुसरं कोणी नव्हतंच. भाकर जाड झाली, बेसनाचं चून पातळ झालं, लसूण करपला. लसूण तर रोजच करपायचा. फोडणीत तो काळा होईपर्यंत ठेवायची तिच्या माहेरची रीत होती, आणि या एका बाबतीत ती कधी बधली नाही. बाकी सगळं ऐकून घ्यायची. उलट बोलायची नाही आणि चारचौघींसारखी नवऱ्याचं नावही घ्यायची नाही. लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. शिरगणतीचा मास्तर दारात आला आणि नवऱ्याचं नाव विचारू लागला, तेव्हा ती कवाडाआडून म्हणाली, "देव समुद्रात ज्याच्यावर निजते ना, ते. अन् पुढं राव." मास्तर तासभर हसत होता म्हणे. शेषरावानं ही गोष्ट बाजारात सगळ्यांना सांगितली. बाईची खोड म्हणून सांगितली, पण सांगताना छाती फुगलेली होती. सगळा बाजार 'ए शेषराव' म्हणून ओरडायचा. ते नाव जपून ठेवणारं माणूस एकच होतं.

पोळ्याला त्यानं व्यापाऱ्याची माणसं जेवायला बोलावली. सुभद्रानं पहाटेपासून रांधलं. पाहुण्यांनी पहिला घास तोंडात घातला नाही तोच यानं वांग्याच्या भाजीचं पातेलं उचललं आणि अंगणात रितं केलं.

"करपेल लसन! ढोरं तोंड लावनार नाईत. कोन्याई हाटेलात याच्याहून बरं भेटते. बाजारात नेऊन इकून पाय एकडाव, कोन घेते ते समजन तुले."

पाहुणे ताटाकडे पाहत राहिले. सुभद्रानं अंगणातलं पातेलं आणलं, घासलं, पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी भावाकडे चांदूर रेल्वेला निघून गेली.

आता शेषरावाला आपलं बोलणं खरं करून दाखवायचं होतं. कोणत्याही हॉटेलात बरं मिळतं म्हणाला होता ना, मग मिळायला नको? बामणाच्या खानावळीत त्याला वेगळं ओसरीवर बसवलं आणि वरून वाढलं. तिथे तो आमटीवरून भांडला. बडनेरा स्टेशनावरच्या भजेवाल्याच्या कढईत त्याला आदल्या आठवड्याचं तेल दिसलं. टॉकीजपुढच्या हातगाडीवाल्याला म्हणाला, तुझ्या आलूबोंड्यात आलू दाखव, आणि मार खाता खाता वाचला. खरं सांगायचं तर काही ठिकाणी जेवण चांगलं होतं. तेच त्याला सहन व्हायचं नाही. पोट बिघडलं, सदरा अंगावर लोंबायला लागला. तिनं आपण होऊन यावं, एवढंच त्याला हवं होतं. पण चांदूरला साधा निरोप धाडायलाही त्याची जीभ वळत नव्हती. एवढी सैल जीभ, पण नेमकी तिथे अडायची.

माघात व्यापाऱ्यानं शेषरावाला, आणि मापासाठी जानरावाला, अकोल्याला पाठवलं. काम उरकलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीवानांनी सांगितलं, कापूस बाजारासमोर पार्बताबाईची खानावळ आहे, गर्दी दिसेल तिथे शिरा.

टिनाचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, पत्रावळींची लांब रांग. कापसाचे गाडीवान मांडीला मांडी लावून जेवत होते आणि तेवढेच लोक मागे पाळीची वाट पाहत उभे होते. पार्बताबाई ही म्हातारी वाढत होती. कुडाच्या आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

शेषरावानं वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि दातांखाली काळा लसूण आला.

तो तसाच थांबला. मग सवयीनं, अगदी सवयीनंच, तोंडातून निघून गेलं, "लसन करपला!"

आतला थापण्याचा आवाज बंद झाला.

"मंग?" समोरचा एक गाडीवान म्हणाला. "त्या लसनासाठीच तं येतो आमी. नसन खायचा तं सरकव इकडं."

सगळी पंगत हसली. शेषरावाचे कान तापले. चांदूर सोडून ही इथे कधी आली, कोणाला विचारून आली? बाजारात विकून पाहा म्हणालो, तर ही खरंच विकत बसली! त्याच संतापात तो भाकर मोडत होता. एक संपली, दुसरी संपली. कितीतरी महिन्यांनी पोटात अन्न जात होतं. त्याला रडू येईल असं वाटलं, त्याचाही राग आला.

आत पुन्हा भाकरी थापायला सुरुवात झाली होती. तो कुडाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "आमच्या घरीबी असाच करपते. घर उघडंच हाये म्हना. कोनाले यायचं तं या, आमी काई कवाड लावून नाई बसलो."

त्याच्या हिशेबी ही माफी होती. याहून मऊ बोलणं त्याला येत नव्हतं.

पत्रावळ रिकामी झाली तरी तो उठला नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली.

"उठा ना बाप्पा," पार्बताबाई म्हणाली. "लोकं उभे हायेत."

"रांधनारनीले बलावा. तिनं म्हटलं तं उठतो."

"शेषराव, उगा तमाशा नोको करू," जानराव दंड ओढत म्हणाला.

तेवढ्यात सुभद्रा दारात आली. हाताला पीठ, कपाळावर कुंकू, पदर खोचलेला. जानराव आ वासून बघत राहिला. शेषरावानं मान वर केली. आता ती 'अवो' म्हणेल, मग आपण थोडं ओरडू, मग संध्याकाळची गाडी दोघांनी धरायची. एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही.

"शेषराव," ती म्हणाली, "उठा आता. मांगची पंगत खोयंबून राह्यली."

आणि आत गेली.

जानरावाचा हात त्याच्या दंडावरून गळून पडला. गाडीवानांना काहीच वेगळं वाटलं नाही. गिऱ्हाइकाला नाव असतं, ते कोणीही घेतं.

शेषराव उठला. जन्मात कधी उचललं नव्हतं, ते आपलं उष्टं त्यानं स्वतः उचललं आणि बाहेर टोपलीत टाकलं. पिंपापाशी हात धुतले, चूळ भरली. आत भाकरी थापल्याचा आवाज एका लयीत चालला होता.

मागून एक अनोळखी गाडीवान आला. बोटं तेलानं माखलेली होती.

"ओ शेषराव, लोटा द्या ना इकडं."

त्यानं लोटा भरला आणि दिला.