पोलिक्सेनीच्या नवसाचा पत्रा

मी एक जुना नवसाचा पत्रा आहे. मला विकून झाफिरोमावशीला काय मिळायचं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा व्यवहार नीट कळेल. पैसे म्हणाल तर काही नाही. ते चर्चच्या पेटीत जात. मावशीला मिळायची बातमी.

ग्रीसच्या लिम्नोस बेटावर आमचं पानागियामातेचं, म्हणजे मेरीमातेचं, चर्च आहे. त्याच्या दाराशी झाफिरोमावशीचं मेणबत्त्यांचं टेबल, टेबलावर तबक आणि तबकात आम्ही सगळे: चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा मारलेले डोळे, कान, हात, पाय, गुडघे, तान्ही बाळं. ज्याचं जे दुखतं त्याने ते विकत घ्यायचं, निळ्या फितीने मातेच्या तसबिरीला बांधायचं आणि बरं कर म्हणून मागायचं. डोळे नेणारीला मोतीबिंदू झालेला असतो. बाळ नेणारीच्या सुनेला दिवस राहत नसतात. सकाळच्या प्रार्थनेला विकलं गेलेलं दुखणं मावशी दुपारच्या कॉफीपर्यंत घरोघर पोचतं करायची. सुट्टे परत द्यायला ती फार वेळ लावायची, कारण तेवढ्यात दोन-चार प्रश्न विचारून होत.

मित्रांनो, माझ्यावरचा ठसा बाईच्या छातीचा आहे. लाजू नका. तुम्ही सगळे पहिलं जेवण तिथेच जेवलात.

माझा जन्म थेसालोनिकी शहराच्या बाजारामागच्या एका गल्लीत झाला. कारागीर साच्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडी मारायचा आणि मधेमधे शेजारच्या दुकानदाराशी भांडायचा. माझ्या कडेला जरा बाक आहे तो त्या भांडणाचा. बेटावर आल्यावर मला पहिल्यांदा नेलं ते दूध न येणाऱ्या एका आईने. पुढे तिला दूध आलं. ते माझ्यामुळे, तिच्या सासूच्या माशांच्या रश्श्यामुळे की आपोआप, हे मला विचारू नका. पण ती दर रविवारी येऊन माझा मुका घ्यायची आणि माझ्यावर ओठांची लाली राहायची. तसबीर भरली की चर्चचे पाद्री पापा-फोतिस आम्हाला उतरवत, पुसत आणि पुन्हा तबकात ठेवत. अशा कितीतरी आया झाल्या. मग दुकानात दुधाच्या पावडरीचे डबे आले आणि माझी गरज सरली. मी तबकाच्या तळाशी, गुडघ्यांच्या खाली गेलो आणि काळा पडलो. गुडघे मात्र धडाधड खपत होते; आमच्या बेटावर चढच फार.

अशात पोलिक्सेनी तबकाशी येऊ लागली.

बंदराच्या गल्लीत तिचं बायकांचे केस करायचं दुकान होतं. बेटावरची नवरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय चर्चची पायरी चढत नसे. दिवसभर आरशासमोर उभं राहायचं. आरशात पुढे खोल गळ्याच्या झग्यातली नवरी आणि मागे दोन मुलांना पाजून सुकलेली आपण. एका वर्षी ती चुलतबहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला म्हणून अथेन्सला गेली आणि छातीत सिलिकॉन बसवून आली. तो बाप्तिस्मा कधी झालाच नव्हता. खरी गोष्ट माहीत होती ती फक्त तिच्या नवऱ्याला, थ्रासोसला. तो फेरीबोटीवर इलेक्ट्रिशियन होता. बाकीच्यांना तिने सांगितलं, अंगाने जरा भरले. बायकांनी मान डोलावली आणि तिच्याकडे शिंपिणीचा पत्ता मागितला.

काही वर्षं सुखाची गेली. मग तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. ती हात घेऊन गेली, म्हणजे तबकातला. त्यानंतर गुडघे नेले. मग अंगावर चट्टे, बारीक ताप, छातीत जळजळ. बोलता बोलता शब्द हरवायचा, गिऱ्हाइकाचं नाव आठवायचं नाही. मग डोकं नेलं. शेवटी तिचे स्वतःचे केस कंगव्यात येऊ लागले. केस करणाऱ्या बाईचे केस गळणं म्हणजे पाववाल्याच्या घरी उपास.

"पोरी," झाफिरोमावशी सुट्टे शोधत म्हणाली, "तू तर हप्त्याहप्त्याने अख्खी बाई विकत घेतेयस. एकदम पूर्ण बाईचा पत्रा ने की, स्वस्तात पडेल."

"पूर्ण बाई न्यायला काय दुखतं ते तरी कळायला हवं ना, मावशी," पोलिक्सेनी म्हणाली.

ते कुणालाच कळत नव्हतं. बेटावरच्या डॉक्टरने कागद पाहिले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात." बोटीने थेसालोनिकीला गेली, तर सांध्यांचा डॉक्टर म्हणाला, पोहत जा. नसांच्या डॉक्टरने विचारलं, "नवरा बोटीवर असतो ना? मग एकटं वाटणारच." तिने धीर करून सिलिकॉनचं विचारलं, तर तो हसला. "फोनवर फार वाचता वाटतं."

फोनवर ती वाचत होतीच. तिच्यासारख्याच बायकांचा तिथे एक गट होता. त्यात पात्रासची रोदांथी नावाची बाई होती. तिने लिहिलं होतं, मला हेच सगळं होत होतं, काढून टाक. तिने ते काढल्यावर तिचा ताप गेला होता, हात मात्र तसेच होते. पोलिक्सेनीने अर्धंच वाचलं. बुडणाऱ्याला काडी चालते, ती सुकी आहे की ओली हे तो बघत नाही.

त्याच आठवड्यात तिने तबकात हात घातला, गुडघे बाजूला केले आणि मला उचललं.

झाफिरोमावशीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या विरळ केसांकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिने एकही प्रश्न विचारला नाही. सुट्टे झटकन दिले.

मला बांधायचा धीर पोलिक्सेनीला लगेच झाला नाही. मी तिच्या पर्समध्येच बोटीने थेसालोनिकीला गेलो. पर्समध्ये माणसाचं सगळं ऐकू येतं. इथवर सांगितलेलं बरंचसं मला तिथेच कळलं. यावेळी डॉक्टर ऑपरेशन करणारा होता आणि हसणारा नव्हता. तो म्हणाला, "काढता येईल. काढल्यावर काही बायकांना बरं वाटतं, काहींना नाही. तुमचं दुखणं त्यामुळेच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि त्यामुळे नाही असंही नाही. सांगणारी तपासणीच नाही."

"आणि खर्च?"

"तो तुमचा. हौसेचं ऑपरेशन धरतात ते. विमा हात लावत नाही."

परतीच्या बोटीत थ्रासोस तिच्या शेजारी येऊन बसला. दुकान बंद पडत आलं होतं, बोटीवरचा पगार मुलांपुरताच होता आणि घरावर आधीच कर्ज होतं. दोघांनी समुद्राकडे बघत बराच हिशोब केला. समुद्राने काही मदत केली नाही.

बंदरावर उतरली तर बायका उभ्या. हातात भांडी: अंडं-लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप, पालेभाजीच्या पोळ्या, तिळाची बिस्किटं. आमच्या इथे एका व्याधीचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर ती आपल्या घराचा पत्ता शोधते म्हणतात. तिला नुसतं "ती वाईट" म्हणायचं आणि तीनदा थुंकायचं. गळते केस आणि तबकातून मला नेणं, एवढ्यावरून झाफिरोमावशीने बेरीज केली होती. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त ज्यांना सांगितलं त्यांना, कुणाला सांगू नका, एवढं म्हटलं होतं.

"अगं, ऐका तर," पोलिक्सेनी म्हणाली, "मला ते नाहीये..."

"श्श. तोंडातून काढू नकोस," चर्चच्या महिला मंडळाच्या आग्लायाबाईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला. "फ्तू, फ्तू, फ्तू. आम्हाला सगळं माहीत आहे. तू फक्त जेव."

आणि ती जेवली. मित्रांनो, तिला नावं ठेवायच्या आधी एवढं लक्षात घ्या: इतक्या वर्षांत, तुला दुखतंय, हे तिला कुणीतरी पहिल्यांदा मानलं होतं. शेजारीण फरशी पुसून जायची. पापा-फोतिस प्रार्थनेत तिचं नाव घेत. आग्लायाबाईंनी निरोप धाडला की मंडळाच्या निधीतून ऑपरेशन, बोट, राहणं, सगळं होईल. दवाखान्याचं नाव तेवढं कळव.

"तू कुठे खोटं बोललीस?" थ्रासोस म्हणायचा. "त्या समजल्या. समजू दे. काढून टाकू, बरी हो, मग देवाचं देवाला."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. तीच तर सोय आहे."

सोय खरंच होती. तिने तोंड मिटून ठेवायचं, एवढाच तिचा खर्च. गंमत बघा, त्या दिवसांत तिला जरा बरंही वाटत होतं. एकदा तर तिने शेजारच्या मुलीची वेणी घातली.

मग एका दुपारी ती मला बांधायला आली. चर्चमध्ये कोणी नव्हतं. तिने निळी फीत ओवली आणि मला मातेच्या हाताजवळ अडकवलं. खाली उतरते तर समोर झाफिरोमावशी. मावशीच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे घे," मावशी म्हणाली. आत रेशमी रुमाल होता, जांभळ्या फुलांचा. "माझ्या धाकट्या बहिणीचा. केस गेल्यावर ती हाच बांधायची. शेवटच्या दिवशीसुद्धा सोडू दिला नाही तिने. मी धुतला नाही कधी. तुझेही जातील आता. तुला शोभेल."

पोलिक्सेनीने हात पुढे केला आणि मागे घेतला. सूप घेतलं होतं, फरशी पुसून घेतली होती, निधीही घेतला असता. पण रुमाल तिच्याने घेववेना.

"मावशी, मला ती नाहीये."

"बोलू नको पोरी..."

"बोलू दे. मला ती वाईट नाहीये. मी अथेन्सला जाऊन सिलिकॉन बसवून घेतलं होतं. त्याने हे सगळं होतंय, असं मला वाटतं. डॉक्टरांना नक्की माहीत नाही. मला ते काढायचंय."

 मावशीने रुमालाची घडी पुन्हा घातली, कडेला कड जुळवून.

"म्हणजे तू पैसे देऊन घातलंस."

"हो."

"माझ्या बहिणीचं कापून काढलं गं. ती म्हणायची, देवा, एक तरी ठेव. आणि तू दुकानातून..." तिचा आवाज चढला नाही. "आणि आता मातेला सांगायला आलीस, काढ म्हणून?"

"दुखतं ते खरं आहे, मावशी."

"असेल," मावशी म्हणाली आणि रुमाल छातीशी धरून निघून गेली.

यावेळी तिने कुणाला सांगू नका असंही म्हटलं नाही.

रविवारी तसबिरीखाली बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मी वरून ऐकत होतो. "हिला नवस कशाला? पावती घेऊन दुकानात जा म्हणावं, बदलून देतील." दुसरी म्हणाली, "मी दोन कोंबड्या कापल्या तिच्यासाठी. दोन्ही अंडी देणाऱ्या." तिसरीने तर पदरचं शास्त्र काढलं, "नुसती हौस असती तर चाललं असतं, पण हौसेचं दुखणं आपल्या माथी?" आग्लायाबाईंनी पोलिक्सेनीला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, "हे बघ, निधी आजाऱ्यांसाठी आहे."

"मी आजारी आहे, आग्लायाबाई."

"तसं नव्हे गं. खऱ्या आजाऱ्यांसाठी."

सोमवारपर्यंत मुलं भांडी मागायला दारात आली. पोलिक्सेनीने ती घासून, पुसून, रिकामी परत करायची नसतात म्हणून प्रत्येकात थोडी बिस्किटं घालून दिली. सुजलेल्या बोटांनी तिने ती कशी वळली, मला माहीत नाही. पुष्कळ घरांनी ती कोंबड्यांना टाकली.

थ्रासोस तिला चर्चच्या ओसरीत म्हणाला, "एक महिना गप्प बसली असतीस तर?" तो रागावला नव्हता. थकला होता. ते उत्तर न मागणारं विचारणं रागापेक्षा वाईट असतं. रोदांथीचे निरोप येईनासे झाले; गटातल्या कुणीतरी लिहिलं की ती पुन्हा अंथरुणाला खिळली आहे. दुकानाला कुलूप लागलं. आता नवऱ्या केस करायला बोटीने कावाला शहराला जातात.

मला आग्लायाबाईंनीच उतरवलं. "हा दूध येण्यासाठी असतो, असल्या गोष्टींसाठी नाही," त्या म्हणाल्या. पोलिक्सेनी पुढच्या वेळी आली तेव्हा तसबिरीपाशी माझी जागा रिकामी होती. तिने मातेकडे वर पाहिलं आणि काही मागितलं नाही. टेबलापाशी एक बारीक मेणबत्ती घेतली. मावशीने सुट्टे मोजून हातावर ठेवले, प्रश्न विचारला नाही. दोघींच्या मधे मी होतो, पुन्हा तबकात, गुडघ्यांच्या वर. मेणबत्ती वाळूत खोवताना तिची बोटं वळेनात. मेणबत्ती वाकडी उभी राहिली. मागच्या बाईने ती सरळ केली नाही.

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला बरं करता येत नाही, तसा दावाही मी कधी केला नाही. पण दुखणाऱ्या माणसाला आधी सूप द्यावं आणि चूक कुणाची ते त्याचं पोट भरल्यावर विचारावं, न विचारलं तर त्याहून बरं, एवढं मला टांगल्या टांगल्या कळलं. तुम्हाला जमिनीवर उभं राहून कळेल, अशी आशा मी फारशी धरत नाही.

आता कुणाच्या हाती काय लागलं ते बघा. सिलिकॉन बसवणाऱ्या अथेन्सच्या डॉक्टरचं बिल केव्हाच चुकतं झालं होतं. ज्यांना काही सापडलं नाही त्या डॉक्टरांनीही न सापडल्याची फी घेतली. निधी पेटीत तसाच राहिला आणि ऑपरेशन राहूनच गेलं. बायकांना भांडी मिळाली आणि सांगायला गोष्ट मिळाली. दोन कोंबड्या तेवढ्या गेल्या. झाफिरोमावशीला रुमाल परत मिळाला, पण तो आता घरच्या ट्रंकेच्या तळाशी जात नाही, दिवसभर तिच्या खिशात असतो. बाकी सगळं पोलिक्सेनीने भरलं. अजून रोज सकाळी, बोटं उघडायच्या आधी, ती भरते.