आतली कडी

मित्रांनो, विद्यापीठाच्या मागच्या भिंतीत एक बुटका लाकडी दरवाजा आहे. तो मी. माझ्या एका अंगाला वाचनालय, दुसऱ्या अंगाला गल्ली. मला घडवले याच गल्लीतल्या सुताराने. विद्यापीठाच्या साहेबांनी त्याला बजावले होते, "कडी आतून हवी." पण सुताराच्या लेखी आत म्हणजे आपली गल्ली. त्याने कडी गल्लीकडून ठोकली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" साहेब ओरडले.

"आतूनच लावलीय की!"

कडी तशीच राहिली, आणि मला उघडायचे काम शेजारच्या इस्त्रीवालीच्या गळ्यात पडले. घरी जायला ही वाट जवळची, म्हणून मोठमोठे प्राध्यापक माझ्यावर थाप मारत.

"मावशी, उघडता ना?"

"थांबा जरा! इस्त्री टाकून आले तर तुमचाच सदरा जळेल."

भांडणेही झाली. विद्यापीठाने गल्लीचे खेळायचे मैदान कुंपणात घेतले, तेव्हा गल्लीने माझी कडी लावली ती कितीतरी दिवस काढलीच नाही. प्राध्यापक मोठ्या फाटकाचा वळसा घालून घामाघूम होत. मैदान मुलांना संध्याकाळपुरते परत मिळाले, तेव्हा मीही उघडलो.

पुढे विद्यार्थ्यांनी वाचनालयात मोठ्यांसाठी वाचायचा वर्ग काढला. इस्त्रीवाली तोवर म्हातारी झाली होती. तीही पाटी घेऊन माझ्यातून जाऊ लागली.

मग नवे साहेब आले. त्यांना गल्लीची ये-जा खपेना. त्यांनी सुताराच्या मुलाला बोलावले. "हा दरवाजा आतून पक्का बंद करून टाक."

तो फळ्या आणि खिळे घेऊन गल्लीत आला. इस्त्रीवाली माझ्यासमोर उभी राहिली. "अरे, आत्ता कुठे जोडाक्षरांवर आलेय मी. या गुडघ्यांनी फाटकापर्यंत जाणं व्हायचं का माझ्याच्यानं?"

त्याने एकदा तिच्या पाटीकडे पाहिले, एकदा बापाच्या कडीकडे.

"काकू, साहेबांनी आतून बंद करायला सांगितलंय." त्याने कडी सरकवली. "हा घ्या, केला."

वाचनालयाकडून साहेबांनी मला ढकलून पाहिले. मी हललो नाही.

"काम पक्कं आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी इस्त्रीवालीने पाटी काखेत मारली आणि कडी काढली.

मित्रांनो, आता माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, कडीही गंजली आहे. येताजाता थोडे तेल घालत जा. आणि कधी भिंतीत दरवाजा बसवलात, तर आत म्हणजे कुठे, हे सुताराला समजावत बसू नका.